आमच्या रविवारची प्रमुख पाहुणी

बोईसरला लोक पगारासाठी येतात आणि पगार खर्च करायला दुसरीकडे जातात. हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही, माझं दुकान आहे इथे. साड्यांना फॉल-पिको करून देते, ब्लाउज शिवते. आठवडाभर आमच्या गल्लीत धक्काबुक्की असते. कंपन्यांच्या पाळ्या सुटतात, रिक्षा अडतात, सगळेच हॉर्न वाजवतात. आणि रविवारी संध्याकाळी मात्र अशी सामसूम, की माझ्या मशीनचा आवाज मलाच मोठा वाटायचा. ज्यांच्याकडे गाडी ते विरारच्या नाहीतर वापीच्या मॉलमध्ये, ज्यांच्याकडे नाही ते खोलीत झोपलेले.

अशाच एका रविवारी समोरच्या फरसाणवाल्या शेठच्या दुकानात आम्ही चहा पीत बसलो होतो. मी, शेठ, गल्लीच्या तोंडाशी मासळी विकणाऱ्या मावशी आणि मागच्या कॉलनीतले साहेब. साहेब एका कंपनीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना भाषण करायला फार आवडतं आणि घरी कुणी ऐकत नाही, म्हणून ते आमच्याकडे येतात.

"आपल्या गल्लीतच काहीतरी करू या," मी म्हणाले. "एक संध्याकाळ रस्ता बंद. खाणं, गाणं, बाजार. लोक इथेच थांबतील."

कल्पना सगळ्यांना पटली आणि लगेच भांडण सुरू झालं. कुठल्या सणाला करायचं? मावशींचं म्हणणं, नारळी पौर्णिमा. शेठ म्हणाले, नवरात्र. मागच्या चाळीतले बिहारचे कामगार चहा न्यायला आले होते, ते दारातूनच म्हणाले, "छठ में कीजिए, पूरा मोहल्ला आएगा." मनोरकडच्या पाड्यांवरून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांना विचारलं, तर त्यांनी वाघबारस सांगितली. साहेबांनी महाराष्ट्र दिन सुचवला. त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, की त्या दिवशी सुट्टी असते आणि झोपायचं असतं.

शेवटी मी म्हटलं, कुणाचाच सण नसेल असा दिवस काढा. म्हणजे कुणाचं वर-खाली नको.

हे बोलायला सोपं होतं. शेठच्या भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवलं आणि आम्ही चौघं त्यावर वाकलो. श्रावण नको, मावशींचा धंदा बुडतो. एकादशी नको, चतुर्थी नको. लग्नाची तिथी नको, कारण माझ्याकडे ब्लाउजांची रांग लागते. होळीच्या आसपास कामगार गावी जातात. बऱ्याच शोधाशोधीनंतर थंडी सरतानाचा एक रविवार सापडला, ज्याच्या चौकोनात नुसता आकडा होता, बाकी काही नाही. आम्हाला इतका आनंद झाला की शेठनी जिलबी वाटली. कार्यक्रमाला नावही द्यायचं नाही असं ठरलं, कारण नावावरून पुन्हा भांडलो असतो. सगळे नुसतं 'रविवार' म्हणायला लागले.

परवानग्या साहेबांनी मिळवल्या. त्या बदल्यात त्यांची एकच अट होती: प्रमुख पाहुणी हवी. त्यांची भाची टीव्ही मालिकांच्या कामात होती. तिच्या ओळखीने त्यांनी एका अभिनेत्रीला पक्कं केलं. संध्याकाळच्या एका मालिकेत ती खाष्ट सासू करायची. नाकात मोठी नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि सुनेकडे असं बघायची की माझी सासू टीव्ही बघता बघता माझ्याकडे वळून बघायला शिकली.

रविवार उजाडला. मासळी आणि फरसाण ही दोन टोकं एकमेकांपासून जितकी लांब ठेवता येतील तितकी ठेवली होती, शेठचं तेवढंच मागणं होतं. मध्ये उसाचा रस, कामगारांचा लिट्टी-चोखा, आणि मनोरकडच्या मंडळींचा तारप्याचा नाच. पण वाऱ्याला आम्ही कमिटीत घेतलं नव्हतं. चारच्या सुमारास समुद्राकडून वारा सुटला आणि मावशींच्या तव्यावरच्या बोंबलांचा वास थेट शेठच्या गाठ्यांवर जाऊन बसला. शेठ नाकाला रुमाल लावून उभे राहिले. त्यांच्या दुकानासमोरची गर्दी मात्र वाढतच गेली, कारण वासाने भूक लागलेले अर्धे लोक शाकाहारी निघाले. थोड्या वेळाने शेठनी रुमाल खिशात घातला.

कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली आणि साहेबांचा फोन वाजला. अभिनेत्रीची गाडी मनोरच्या पुढे हायवेवर अडकली होती. टँकर आडवा झालाय, कधी निघू सांगता येत नाही. साहेब घामाघूम झाले. समोर खुर्च्या भरलेल्या, बाजूला माणसं उभी, बायका पहिल्या रांगेसाठी दुपारपासून बसलेल्या. बॅनरवर मालिकेतल्या सासूचा फोटो.

"कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर करतो," साहेब म्हणाले.

"सगळे उठून जातील," मी म्हटलं. "आमचा माल पडून राहील."

त्या वेळी मावशींच्या मदतीला त्यांची नणंद आली होती, एडवणहून. सगळे त्यांना आक्का म्हणत. उंच, सरळ पाठ, पांढरे केस तेल लावून मागे बांधलेले. पालघरला कुणाचा तरी साखरपुडा उरकून तशाच आल्या होत्या, त्यामुळे नाकात नथ होती. कपाळावर कुंकू तर होतंच, रुपयाएवढं. त्यांनी एका गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला म्हणून त्याच्याकडे बघितलं, आणि तो माणूस मुकाट्याने पूर्ण पैसे देऊन निघून गेला. मी बॅनरकडे बघितलं. मग मावशींकडे. मावशीही बॅनरकडेच बघत होत्या.

"बाय," मावशी मला हळूच म्हणाल्या, "गॉगल हाय का कुणाकडं?"

गॉगल शेठच्या बायकोचा मिळाला. साडी माझ्या दुकानातून निघाली. कॉलनीतल्या एका बाईंची जांभळी पैठणी फॉलसाठी आली होती, काम पूर्ण होऊन घडी घालून ठेवलेली. आक्कांना दुकानात नेऊन नेसवली. त्या एकदाच म्हणाल्या, "मी बोलणार काय?"

"जे घरी बोलता तेच," मावशी म्हणाल्या. मावशी त्यांची भावजय. त्या घरात मावशींनी जे ऐकलं होतं त्याच्या भरवशावरच हे चाललं होतं.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ही फसवणूक आहे. मग खुर्च्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी नाव घेणार नाही. नुसतं 'आपल्या लाडक्या सासूबाई' म्हणेन. त्या सासूबाई आहेतच ना?" तशा त्या होत्या. दोन सुनांच्या.

आक्का स्टेजवर चढल्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या. साहेबांनी शाल घातली, हार घातला, नारळ दिला. पहिल्या रांगेतल्या पैठणीच्या मालकीणबाई शेजारणीला म्हणाल्या, "बघ, अगदी माझ्यासारखीच साडी. मी म्हटलं नव्हतं, माझी निवड टीव्हीवाल्यांसारखी आहे?" मी दुसरीकडे तोंड केलं.

आक्कांनी माइक हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

"तुमी सगळी आलीत, बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पण नुसती बसू नका. तिकडं बोंबील थंड होतात. आमी सकाळपासून मरमर मरतो नि तुमी टाळ्या वाजवता. टाळ्यांनी पोट भरत नाय."

लोकांना वाटलं मालिकेतलंच पात्र करून दाखवताहेत. हसून हसून पुरेवाट झाली. मागून एक मुलगी ओरडली, "सासूबाई, सुनेला घराबाहेर काढलंत, ती परत येणार का?"

आक्कांनी ती मालिका कधी बघितली नव्हती. त्या वेळी त्या वाळत घातलेली मासळी उचलत असतात. पण क्षणभरही न अडखळता म्हणाल्या, "येणार. जाते कुठं? तिचं सोनं माझ्याकडं हाय."

त्यावर जो हशा झाला तसा मी आजवर बोईसरमध्ये ऐकलेला नाही. पलीकडच्या इमारतीच्या गॅलरीतले लोकही खाली उतरले. कामगारांना मराठी अर्धवट समजत होतं, तरी ते सगळ्यात जोरात हसले, आणि एक जण दुसऱ्याला सांगत होता, "बिलकुल मेरी माँ जैसी है."

मी मावशींच्या तव्यापाशी परत आले होते. रांग लांबली होती. रांगेत पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. कुडता, जीन्स, केस कापलेले, चेहरा दमलेला आणि फार मवाळ. त्यांनी मला विचारलं, "स्टेजवर कोण आहेत?"

"अहो, त्या मालिकेतल्या सासूबाई," मी म्हणाले. "ओळखलं नाहीत?"

"नाही," त्या म्हणाल्या. "काम चांगलं करतात."

"तशा स्वभावाने चांगल्या आहेत हं," मी आणखी ठोकून दिलं. "टीव्हीवर दिसतात तशा नाहीत."

"हो का," बाई म्हणाल्या. "ऐकून बरं वाटलं." आणि त्यांनी पर्समधून फोन काढून लावला.

स्टेजवर साहेबांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, आणि त्यांचा चेहरा माझ्या दुकानातल्या अस्तराच्या कापडासारखा पांढरा होताना मी लांबून पाहिला. इकडे रांगेतल्या बाई फोनवर शांतपणे सांगत होत्या, "पोचले मी. रस्ता बंद आहे म्हणून चालत आले. मासळीच्या रांगेत आहे. घाई करू नका, माझा नंबर अजून यायचाय."

मावशींच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. माझ्या डोक्यात एकच विचार आला, की पैठणी कशी परत मिळवायची.

साहेब धावत आले. हात जोडले, काहीतरी इंग्रजीत बोलायला लागले. बाईंनी त्यांना थांबवलं. "आता काही जाहीर करू नका. मी कुठेही गेले की बायका मला येऊन सुनवतात, सुनेला का छळता म्हणून. गेल्या महिन्यात एका आजींनी छत्री उगारली होती. आज पहिल्यांदा मी रस्त्यावर उभी राहून काहीतरी खाणार आहे." मग मावशींकडे वळून म्हणाल्या, "दोन प्लेट. कुरकुरीत करा."

मावशींनी त्यांना रांगेतून पुढे बोलावलं नाही. मी डोळ्यांनी खुणावलं तरी नाही. नंतर म्हणाल्या, त्यांनाच उभं राहायचं होतं, दिसत नव्हतं का तुला?

आक्का खाली उतरल्यावर आम्ही त्यांना माझ्या दुकानात नेलं. मागोमाग बाईही आल्या, हातात प्लेट घेऊन. मी घाबरून मशीनपाशी उभी. आक्कांना सांगितलं, या खऱ्या. आक्कांनी गॉगल काढला, बाईंना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तू?" त्या म्हणाल्या. "तू तर गरीब दिसतेस."

"मेकअप असतो, आक्का."

"हां." आक्कांनी गळ्यातला हार काढून त्यांना घातला, शालही दिली. "ही तुझी. तुझ्या नावावर घेतलेली. नारळ मात्र मिळणार नाय, तो चटणीला गेला."

बाई त्या शिवणयंत्राच्या स्टुलावर बसून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी आक्कांना ते सोन्याचं वाक्य पुन्हा म्हणून दाखवायला लावलं. स्वतः म्हणून बघितलं. आक्कांनी दुरुस्त केलं: "हसू नको म्हणताना. सोनं खरंच ठेवलं असल्यासारखं म्हण." बाई तीनदा म्हणाल्या तेव्हा कुठे आक्कांचं समाधान झालं.

अंधार पडायच्या आत तारपा सुरू झाला. भाजीवाल्या बायकांनी फेर धरला आणि बाईंना आत ओढलं. जीन्समधल्या दमलेल्या बाईला कुणीच ओळखलं नाही. शेठ फेराच्या दुसऱ्या टोकाला नाचत होते, त्यांच्या शर्टाला बोंबलाचा वास येत होता आणि त्यांना ते कळत नव्हतं. पैठणी मी दुसऱ्या दिवशी वाफ देऊन, नीट घडी करून दिली. मालकीणबाई म्हणाल्या, "फॉल छान बसलाय." मी मान डोलावली.

त्यानंतर रविवार दर वर्षी होतो. इतकंच नाही, आता आमच्या गल्लीतली दुकानं एरवीच्या रविवारीही संध्याकाळी उघडी असतात. पालघरहून माणसं येतात, चाळीतले कामगार बायकापोरांना घेऊन फिरतात, मावशींनी तव्यासाठी दुसरी बाई ठेवली आहे. साहेबांना भाषणाला श्रोते मिळतात, निदान खाणं तयार होईपर्यंत. मालिकेत सून परत आली, आणि सासूने तिला दारात काय ऐकवलं ते तुम्ही ओळखलं असेलच. त्या रात्री आक्कांच्या दोन्ही सुनांनी त्यांना टीव्हीसमोर बळजबरीने बसवलं होतं म्हणे. आक्कांनी बघितलं आणि म्हणाल्या, "अजून हसते ती."

या वर्षी सफाळ्याच्या दुकानदारांनीही असाच रविवार धरला. प्रमुख पाहुणी म्हणून त्यांनी आक्कांना बोलावलं. मला काळजी वाटली, कारण सफाळ्याला त्यांना कोण ओळखत नाही? वर्षानुवर्षं तिथल्या बाजारात बसल्यात त्या. मी मावशींना म्हटलं, तिथे सासूबाईंचं सोंग चालणार नाही.

"सोंग कशाला?" मावशी म्हणाल्या. "पत्रिकेवर नाव छापलंय तिचं. आक्का, एडवण. खाली फोटो."

आक्कांनी होकार कळवायला आठवडा लावला. कोळंबी सुकत घातली होती, ती उचलल्याशिवाय तारीख देता येणार नाही, असं त्यांनी निरोपात सांगितलं.