सायकलमागची गाडी

कुत्री बाराव्या वर्षात गेली आणि तिचे मागचे पाय अडखळू लागले. त्याआधी सात हिवाळे ती माझ्या सायकलबरोबर धावली होती. कोल्हापुरातून निघायचं, शेतातल्या कच्च्या रस्त्यांनी तिच्या वेगाने जायचं आणि संध्याकाळी कुणाची तरी परवानगी काढून तंबू ठोकायचा. डॉक्टरांनी पाय तपासले आणि धावणं बंद करायला सांगितलं. तिला घरी ठेवून जाणं मला जमणारं नव्हतं.

शिरोलीतल्या एका वेल्डिंगवाल्याकडून सायकलमागे जोडायची दोन चाकांची गाडी करून घेतली. तिला स्वतः चढता यावं म्हणून कडा बुटकी ठेवली. त्याने कुत्रीची लांबी टेपने मोजली.

"उसाच्या ट्रॉल्या लय केल्या, कुत्र्याची पयलीच," तो म्हणाला. "रंग कंचा देऊ? तिला इचारून सांगा."

कुत्रीला गाडी मान्य नव्हती. उचलून ठेवली की पहिल्याच वळणावर उडी मारायची आणि चाकाशेजारी लंगडत पळायची. बिस्किटं झाली, तिची जुनी चादर झाली, माझा न धुतलेला शर्ट झाला. पट्ट्याने बांधली तर ती भुंकायची नाही. तोल सावरत नुसती उभी राहायची. दोन महिने रोज सकाळी हा सराव चालला. ती उतरली की मी रागवायचो.

जानेवारीत तसेच निघालो. थोडं गाडीत, बरंचसं हळूहळू चालत. नृसिंहवाडीच्या वाटेवर नेहमीच्या गुऱ्हाळावर मुक्काम केला. चुलाणाजवळची जमीन सकाळपर्यंत ऊबदार असते, त्यामुळे ती जागा तिच्या आवडीची. सकाळी तंबू गुंडाळून वळलो, तर ती आपली आपण गाडीत चढून बसली होती.

गुऱ्हाळाचे मालक रस आटवायची मोठी काहील घासत होते. त्यांना हाक मारली. "बघा मामा, शिकली एकदाची."

ते हात पुसत आले. गुळाचा खडा तिच्या तोंडापुढे धरला. एरवी तो त्यांच्या हातात टिकत नसे. तिने वास घेतला आणि मान फिरवली.

"शिकली न्हाय, पावणं. थकलीया ती," मामा म्हणाले. "फुडं जाऊ नगा आता. घरला न्या."

"वाडी जवळच आलीय."

"वाडी कुठं जात न्हाय."

मी सायकल कोल्हापूरकडे वळवली. वाटेत दोनदा थांबून पाणी दिलं. तिने जीभ ओली केली, एवढंच.

रक्त तपासल्यावर कळलं की मूत्रपिंडं बऱ्याच आधीपासून निकामी होत आली होती. सगळे तिच्या पायांकडे बघत होते, मी धरून. सहाव्या दिवशी दुपारी, स्वयंपाकघराच्या दाराशी, ती गेली.

लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, म्हातारी झाली होती. ते खरं आहे. सरावाच्या त्या दोन महिन्यांत ती रोज सकाळी थोडी पळत होती, हे मी सांगत नाही. तिचं तेवढंच पळणं उरलं होतं, आणि मी दर वेळी सायकल थांबवून तिला उचलत होतो.