एकाच घरचे दोन सेनापती

गावच्या जत्रेला दरवर्षी मी नाटक लिहून देते, हे रामनगरात शेजारणींना सांगितलं की त्या आधी हसतात आणि मग विचारतात, पौराणिक का सामाजिक? माझी नाटकं ऐतिहासिक असतात. इतिहास मात्र माझा मीच रचलेला, कारण खऱ्या राजाचं नाव घेतलं की त्याच्या मिशीच्या आकड्यावरूनही भांडायला उठणारी माणसं निघतात. म्हणून मी घाटातलं एक लहानसं राज्य मनानंच उभं केलं आहे. तिथले राजे मरतात, त्यांची पोरं गादीसाठी भांडतात, आणि सेनापतींच्या तोंडी मला हवी तेवढी लांब भाषणं घालता येतात. मराठी शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला याहून मोठं सुख नाही.

माझं माहेर गुंद गावाच्या पलीकडं, रानातल्या चाळीसएक उंबऱ्यांच्या गावात. तिथं नाटक दुपारी दोनला सुरू होतं, कारण लांबच्या वाड्यांवरच्या लोकांना उजेडात रानवाट धरायची असते आणि बाकीच्यांना शेवटची बस. राजा भर उन्हात मरतो. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

त्या वर्षी गावात खरीच यादवी चालू होती. रान सोडून बाहेर जाणाऱ्यांना सरकारी योजनेतून मोबदला मिळत होता, आणि गाव उभं चिरलं होतं. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, तो जाणाऱ्यांचा म्होरक्या. धाकटा राहणाऱ्यांचा. अण्णाचंही खोटं नव्हतं. त्याच्या सुनेला बाळंतपणात झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागलं होतं, आणि रस्ता येईपर्यंत बाळ गेलं होतं. धाकट्याचंही खोटं नव्हतं. आज चार घरं गेली की उद्या शाळा जाईल, मग बस जाईल, आणि उरलेल्यांनी काय झाडांशी बोलायचं, असं तो म्हणायचा. जमीन आजोबांच्या नावावर होती. अण्णाला जायचं तर आधी वाटणी व्हायला हवी होती आणि वाटणीच्या कागदावर आम्हा तिघांच्या सह्या लागत होत्या. अण्णानं त्याची सही करून कागद माझ्या हाती दिला. धाकटा त्याला शिवेना. मीही सही करत नव्हते. केली असती तर मी अण्णाची झाले असते, नाही म्हटलं असतं तर धाकट्याची. इकडे आड तिकडे विहीर. तो कागद घडी घालून मी पर्समध्ये ठेवला आणि तीन महिने तसाच मिरवला.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. नाटकातल्या मोठ्या भूमिका घराण्यावर चालत येतात, पालखीचा खांदा चालत येतो तशा. दोन सेनापती आमच्या घरचे, राजा वरच्या वाडीचा, राणी दुकानदाराच्या घरातली, आणि तीही पुरुषानंच करायची. सेनापतीला मिशी फुटो न फुटो, मान आमचाच. त्यामुळं दोघा भावांत बोलणं बंद असलं तरी रंगमंचावर समोरासमोर उभं राहायचं त्यांनीच. मला वाटलं, हीच संधी आहे. असं नाटक लिहावं की बोलण्यावाचून त्यांना गत्यंतरच राहू नये. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नाटक असं होतं. राजा मरतो, दोन राजपुत्रांत युद्ध पेटतं, आणि एकाच आईचं दूध पिऊन वाढलेले दोन सेनापती दोन बाजूंना जातात. धाकटा गड धरून बसतो. थोरला युद्धाला कंटाळून एकटाच पायथ्याशी येतो, दार उघड म्हणून विनवतो. धाकटा म्हणतो, "तू गड विकलास." मग तलवारी निघतात, धाकटा पडतो, आणि थोरला त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडतो. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. सगळं कुठून आलंय हे गावाला कळणार नाही असं मला खरंच वाटलं. शिकल्यासवरल्या माणसाचा मूर्खपणा काही औरच असतो.

पहिल्याच तालमीला सगळ्यांना कळलं. देवळाच्या मांडवात माणसं दोन बाजूंना बसली, जाणारे उजवीकडं, राहणारे डावीकडं, आणि मधे लहान पोरंसुद्धा फिरकेनात. दोघं भाऊ वहीतलं तेवढंच एकमेकांशी बोलत. प्रवेश संपला की अण्णा मला म्हणायचा, त्याला सांग जरा मागं सरकून उभा राहा म्हणावं. धाकटा चार हातांवरच उभा असायचा. मग तो मला सांगायचा, त्याला सांग मी हाय तिथंच उभा राहणार. मी मधे उभी राहून दोन्हीकडं निरोप पोचवायची आणि घरी जाऊन डोकेदुखीची गोळी घ्यायची.

एका तालमीनंतर धाकटा माझ्याबरोबर बसपर्यंत चालत आला. मग म्हणाला, "अक्का, मी मरावं असं तुलाबी वाटतंय व्हय?" मी म्हटलं, अरे ते नाटक आहे. तो म्हणाला, नाटक हाय ते मलाबी कळतंय, पण मारायला तुला मीच गावलो. त्या आठवड्यात मी शेवट बदलला आणि थोरल्याला मारलं. दोनच दिवसांत अण्णाचा फोन आला. त्याच्याकडं रेंज नसते, म्हणजे तो मुद्दाम टेकडीवर चढला असणार. त्याचा आवाज शांत होता, आणि त्यानंच मी जास्त घाबरले. मी जातोय म्हणून मला देशद्रोही करून मारणार काय, एवढंच त्यानं विचारलं. मी शेवट पुन्हा पहिल्यासारखा केला. मग कुणीच मरू नये असं लिहून पाहिलं, तर जत्रेची कमिटी आडवी आली. मरण नसलेलं नाटक बघायला लोक इतक्या लांबून कशाला येतील, हा त्यांचा सवाल. शेवटी धाकट्यानंच मरायचं ठरलं. तालमीत तो पडायचा ते धाडकन पडायचा, जणू माझ्या अंगावर पडतोय.

मला खरी भीती वाटत होती ती तलवारींची. आमच्या तलवारी लोखंडी. धार नाही, पण डोक्यात बसली तर धार हवीच असं नाही. मी लाकडाच्या करून घेऊ म्हटलं तर सगळे हसले. मी रात्री अंथरुणात तीन वार मोजायची. पहिला वरून, दुसरा बाजूनं, तिसऱ्याला धाकटा पडणार. तिसऱ्याला काय होईल ते मला दिसायचं आणि झोप उडायची.

जत्रेच्या दिवशी देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटला, आणि दोघं दोन कोपऱ्यांत रंगायला बसले. तोंडाला रंग लागला की घरची गोष्ट काढायची नाही, असा आमच्याकडं नेम आहे. म्हणून मी दोघांनाही काही बोलू शकले नाही. अण्णाच्या कपाळावर घाम येत होता आणि रंग ओघळत होता. धाकटा समोर बघत बसला होता. मी वही घेऊन पडद्यामागं माझ्या जागेवर गेले. आमच्याकडं कुणी भाषणं पाठ करत नाही. प्रॉम्प्टर आतून सांगतो आणि नट तेच मोठ्यानं म्हणतो. ते काम इतकी वर्षं मीच करते, म्हणजे त्या दोघांच्या तोंडून बाहेर पडणारा शब्द आधी माझ्या तोंडून जायचा.

पहिले दोन अंक बरे गेले. शेवटच्या प्रवेशात थोरला सेनापती गडाखाली आला आणि दार उघड म्हणून विनवू लागला. अण्णा इतका सुरेख बोलला की डावीकडचेही गप्प झाले. मग धाकट्याची पाळी. तो माझ्याकडं कान करून थांबला. मी वहीत पाहिलं. "तू गड विकलास." तीनच शब्द. ते माझ्याच हातचे होते आणि माझ्या घशातून बाहेर पडेनात. धाकटा थांबला. मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी खोकलं. वहीवरची ओळ मला दिसत होती, पण आवाजच फुटत नव्हता.

अण्णानं प्रेक्षकांकडं पाठ केली. हळू आवाजात, पण मला स्पष्ट ऐकू आलं, तो म्हणाला, "म्हण. ‘तू गड विकलास.’ म्हण की."

धाकट्यानं ते म्हटलं. आधी फाटक्या आवाजात, मग पुन्हा एकदा पूर्ण छातीतून. डावीकडून शिट्ट्या झाल्या, उजवीकडचे चारदोन जण उठून उभे राहिले. तलवारी निघाल्या. पहिला वार, दुसरा वार. तिसऱ्याला धाकट्याचा हात तालमीपेक्षा जोरात आला, अण्णाच्या हातातली तलवार गळाली आणि अण्णा कोसळला. पडायचं धाकट्यानं होतं. पडला अण्णा.

लागलं, असंच मला वाटलं. मी वहीसकट रंगमंचावर धावले. साडीतली बाई, डोळ्यांना चष्मा, सतराव्या शतकातल्या गडावर. धाकटा त्याच्याजवळ गुडघ्यावर बसला होता आणि रंग लावलेल्या तोंडानं नेम मोडून म्हणत होता, "अण्णा, ऊठ. अण्णा." अण्णाचे डोळे मिटलेले. मिशी हलली आणि खालून आवाज आला, पडदा टाका आधी, माझी पाठ धरलीया. पडदा पडला. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते, डावीकडचे आणि उजवीकडचेही, कारण थोरला मेलेला बघून सगळ्यांना रडू आलं होतं.

त्याला लागलं नव्हतं. मी संतापले. असं लिहिलेलं नव्हतं, मरायचं धाकट्यानं होतं, मला हार्टअटॅक यायचा बाकी होता, असं बरंच काही मी बोलले. अण्णा उठून बसला, कमरेवर हात धरून. म्हणाला, "राहणाऱ्यानं जिंकावं. त्याला ह्याच लोकांत दिवस काढायचं हाईत. मी काय, जाणाराच हाय."

धाकट्यानं अण्णाची पाठ चोळायला घेतली, जोरानं, जवळजवळ रागानंच. चोळता चोळताच मला म्हणाला, कागद कुठं हाय? मला आधी कळलंच नाही. मग मी पडद्यामागं ठेवलेल्या पर्समधून कागद काढला. त्यानं वही खाली घेऊन सही केली, आणि अंगठ्याचा तांबडा रंग कोपऱ्याला लागला. त्याच्याखाली मी केली. अण्णानं कागद घडी करून अंगरख्यात ठेवला. बाहेर आरतीची तयारी चालली होती.

तीन महिने मी देवाकडं एकच मागत होते, यांचं भांडण मिटू दे. ते मिटलं, आणि मी तिथंच बसून रडले. भांडण होतं तोवर अण्णा गावात होता.