नूराच्या स्केटचा नंबर

सायमा, इकडे ये, माझ्याजवळ बस. आणि हा काय फोटो दाखवतेस गं? लेकीला दोन नंबर मोठे बूट, पुढे कापूस कोंबलेला! वर “खाला, वर्षभर चालतील” म्हणतेस. तुला ओरडायचा हक्क मला आहे, कारण हेच मी केलंय, आणि त्यापायी एका पोरीचं खेळणंच बंद होणार होतं.

जेद्दातल्या एका मॉलमध्ये आइस रिंक होती. तिथली स्केट रूम माझ्याकडे. स्केट म्हणजे तळाला पातं लावलेला बूट. पात्याला धार लावायची, पाय बघून जोडी द्यायची. शिकले कुठे? आधीच्या फिलिपिनो बाईचे हात बघून.

नूरा तिथे आइस हॉकी खेळायची. क्लबचा पगारी करार होता तिचा. दोन सीझनमध्ये तिसऱ्यांदा तिचा उजवा घोटा मुरगळला. कोच फिनलंडच्या बाई. त्या म्हणाल्या, “डॉक्टर हो म्हणाले की परत खेळ. पण चौथ्यांदा मुरगळला तर खलास.” अरबीतला तेवढाच शब्द त्यांना यायचा, आणि तो त्यांनी नेमका तिथे वापरला.

त्याच महिन्यात सौदायझेशनचं पत्र आलं. माझ्या जागी सौदी मुलगी घ्यायची. माझ्या इकाम्याचे, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याचे, तीन महिने उरलेले, तेवढ्यात तिला काम शिकवायचं. रीम तिचं नाव. मी शिकवायचे, पण तोंड वाकडं करून. खोटं कशाला बोलू?

कुणाला कुठला नंबर दिला ते मी वहीत लिहायचे. एकदा ती वही चाळताना रीम म्हणाली, “खाला, नूराच्या रोजच्या बुटाचा नंबर किती?”

“अडतीस.”

“मग स्केट एकोणचाळीस कसे? कंपनीच्या चार्टमध्ये रोजच्या बुटापेक्षा एक नंबर लहान घ्या म्हणून लिहिलंय.”

“चार्टला काय कळतंय? पोरीचा सुजलेला पाय मी बघितलाय.”

 असं म्हणाले खरी, पण वही ओढून बघितली. आधी सदतीस. पहिल्यांदा मुरगळला तेव्हा सूज होती, म्हणून मी अडतीस दिले. दुसऱ्यांदा एकोणचाळीस, वर जाड मोजे. सूज उतरली, पण नंबर उतरवायचं मला सुचलंच नाही. सैल स्केटमध्ये टाच उचलायची आणि वळताना घोटा लटपटायचा. मी मायेनं नंबर वाढवत गेले आणि ती पडत गेली.

आम्ही वही कोचबाईंना दाखवली. “हा नंबर कुणी दिला?”

रीम काहीतरी सावरून घ्यायला लागली. मी तिला थांबवलं. “मी दिला. तिला दुखू नये म्हणून.”

“मग आता थोडं दुखू दे,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सदतीसची नवी जोडी काढली. नवे स्केट छोट्या ओव्हनमध्ये गरम करून पायावर बसवतात. रीमनं ते गरम केले, मी नाड्या आवळल्या.

नूरा कळवळली. “खाला, तू आमच्या टीमची की समोरच्या?”

“उभी राहा. टाच उचलतेय?”

“नाही.”

“यल्ला, मग बर्फावर!”

पहिल्या मॅचमध्ये समोरच्या टीममधल्या एकीनं तिला रिंकच्या कडेच्या फळीवर आदळलं. मी डोळेच मिटले. रीमनं माझा हात घट्ट धरला. “खाला, बघ, उठली!” उठली आणि पळालीसुद्धा. मी परत आल्यावर रीम फोनवर सांगायची, पुढचा सीझन घोट्यानं त्रास दिला नाही. खांद्याला लागलं एकदा, पण तो गुन्हा माझा नव्हता. करार वाढला.

तीन महिने संपले तेव्हा मी किल्ल्या रीमला दिल्या, आणि तोंड वाकडं न करता दिल्या. माझी नजर अनुभवी होती, पण तिनं चार्ट वाचला होता. सुजलेल्या पायाला विश्रांती द्यावी, मोठा बूट देऊ नये. आणि सूज उतरली की पाय परत मोजावा.

निघताना रीमनं पाय मोजायची पट्टी माझ्या पिशवीत कोंबली. अजून आहे ती. येत्या जुम्म्याला लेकीला घेऊन ये. ते बूटही आण, आणि जेवायलाच या.