आत्याची विरजलेली साय

आमच्या आत्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची कोणाची टाप नव्हती. सगळी हयात तिची कारखान्याच्या कँटीनमध्ये गेली. एकदा मॅनेजर "मीठ कमी आहे" म्हणाला, तर बाईने त्याच्या पुढ्यातलं ताटच उचललं. "मग घरी जाऊन जेवा!"

अशी ही आत्या बाबांच्या आजारपणात आमच्याकडे येऊन थडकली. बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तापानंतर त्यांच्या तोंडाची चवच गेली होती. काहीही द्या, "माती लागते" म्हणून ताट सरकवायचे. नुसता हाडांचा सापळा उरला होता. खाणं सुरू झालं नाही तर सोमवारी नाकातून नळी घालू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तर रडायलाच लागले.

"रडतेस काय? साय आण!" आत्या म्हणाली.

तिने दाट सायीला विरजण लावलं. दुसऱ्या दिवशी ती छान आंबून घट्ट झाली.

"दोनच घास जाणार ना पोटात? मग त्या दोन घासांत ताकद हवी. सायीत ती भरपूर. शिवाय आंबट वासाने तोंडाला पाणी सुटतं. डॉक्टरांना विचारलंय मी, बघतेस काय!"

बटाट्याचं सूप रटरटत होतं. आत्या जरा बाहेर गेली आणि मी नको ते शहाणपण केलं. अर्धी साय थेट उकळत्या सूपमध्ये ओतली. झालं! पाणी एकीकडे, गुठळ्या एकीकडे.

"अगं दीडशहाणे! उकळत्यात साय फाटते, एवढंही कळत नाही?"

पुन्हा बटाटे, पुन्हा सूप. या वेळी तिने आधी गॅस बंद केला. उरलेल्या सायीत डावभर गरम सूप घालून ढवळलं, मग ती हळूहळू पातेल्यात सोडली. सूप कसं मऊसूत झालं!

बाबांनी वाटीचा वास घेतला. एक चमचा गेला. दुसरा गेला. मग कपाळाला आठी पडली आणि माझा जीव टांगणीला लागला.

"ताई," बाबा म्हणाले, "मीठ कमी आहे गं."

मी डोळेच मिटले. आता वाटी जाणार!

"ऐकलंस?" आत्या केवढ्याने ओरडली! "याला मीठ कळलं! मेल्याला मीठ कळलं!" हसता हसता तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. मीही तिच्या गळ्यात पडून रडले, या खेपेला आनंदाने.

जन्मात पहिल्यांदा कोणाच्या सांगण्यावरून आत्याने वरून मीठ घातलं. बाबांनी वाटी चाटूनपुसून संपवली आणि पुन्हा तिच्यापुढे धरली.