पूर्वेस मेंढवाडा

घर विकायला काढलं तेव्हा त्याच्या पूर्वेला काय आहे, याबद्दल मला शंका नव्हती. तीस वर्षं रोज सकाळी त्याच दिशेला तोंड करून मी दात घासत आलो होतो. पूर्वेला शेजाऱ्यांचा दुमजली बंगला आहे. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह आहेत, त्यांतल्या एकाचा जबडा क्रिकेटच्या चेंडूने गेलेला. पायऱ्यांना ग्रॅनाइट बसवलंय, त्यावरून पावसाळ्यात पाहुणे घसरतात. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर मात्र आमच्या घराची चतुःसीमा अशी होती: पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस विहीर, उत्तरेस पड जागा, पूर्वेस मेंढवाडा.

हा उतारा मी अनेकदा वाचला होता. पूजा सांगणाऱ्याचं बोलणं आपण जसं ऐकतो, तसा.

घर विकायचं कारण बायकोचं डायलिसिस. पाणी, चहा, सगळं तिला मोजून. आठवड्यातून तीन दिवस तिला पिंपळवंडीच्या बाजूच्या आमच्या गावातून मंचरला जावं लागायचं. जाताना ती ठीक असायची. चार तास यंत्राला जोडून घेतल्यावर परतीचा प्रवास जीवावर यायचा. बायपास झाल्यापासून बऱ्याच गाड्या मंचरच्या बाहेरूनच पळतात, म्हणून हायवेच्या कडेला जाऊन हात करत उभं राहायचं. एका दुपारी ती तिथल्या दगडावर बसली आणि म्हणाली, "मला आता उठवू नका." गाडी आली, थांबली, कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं, गाडी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या गाडीत मी आणि एका अनोळखी बाईने तिला दोन्हीकडून धरून चढवलं.

त्या आठवड्यात मी मंचरला विकत घ्यायला जागा शोधली. दवाखान्यामागच्या गल्लीत, तळमजल्यावर दोन खोल्या. मालक सज्जन होते. म्हणाले, "श्रावण लागेपर्यंत थांबतो. पुढं मात्र मला माझं बघावं लागेल." तेव्हा चैत्र चालू होता. चार महिने म्हणजे पुष्कळ, असं मला वाटलं. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, कचेऱ्यांशी माझा संबंध कमीच आला होता.

गिऱ्हाईकही लवकर मिळालं. शेजारच्या गावातले तरुण शिक्षक, बँकेचं कर्ज काढून घेणार होते. ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणत. त्यांचे सासरे टोमॅटोचे बागायतदार, ते प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत. घर बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी बोटांच्या पेरांनी भिंती वाजवायला सुरुवात केली.

"पावणं, ही भिंत पोकळ वाजती."

"कपाट आहे ते," बायको म्हणाली. "दार उघडून वाजवा."

"सैपाकघर आग्नेयेला पायजे व्हतं."

"गॅस आहे आमच्याकडे. ठेवू तिथे पेटतो."

सासरे विचार करून सांगतो म्हणून गेले. जावयांनी तोवर कर्जाचा अर्ज केला.

बँकेने घराची किंमत ठरवायला एक इंजिनियर पाठवला. फोटो काढला की जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात, असा त्याचा फोन होता. त्याने रस्त्याचा फोटो घेतला, विहिरीचा घेतला, पड जागेचा घेतला. मग पूर्वेकडे वळला. कागद पाहिला, सिंह पाहिले, पुन्हा कागद पाहिला.

"मेंढवाडा कुठंय?"

"नाही. कधीकाळी होता."

"कागदावर आहे."

"समोर बंगला आहे, बघा ना."

"सर, बंगला मला दिसतोय. पण मला कागदाशी जुळवायचंय."

मुलगा चांगला होता. चहा प्याला, बायकोच्या तब्येतीची चौकशी केली, 'चतुःसीमा जुळत नाही' असं लिहिलं आणि गेला.

ग्रामसेवकांना अलीकडे ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पद वाढलं तशी गावंही वाढली. आमच्या साहेबांकडे तीन गावं आहेत, आणि आपण ज्या गावात जाऊ तिथे ते नसतात. चौथ्या खेपेला सापडले. दुरुस्ती सोपी आहे, म्हणाले. अर्ज, पंचनामा, मासिक सभेचा ठराव आणि पूर्वेच्या शेजाऱ्याची लेखी संमती. पहिल्या महिन्यात सभेच्या दिवशी दाट लग्नतिथी होती, कोरम भरला नाही. दुसऱ्या महिन्यात भरला, पण गावाच्या स्वागत कमानीला नाव कोणाचं द्यायचं, यावर सभा संपली. कमान अजून बांधायची होती.

तोवर संमती तरी घेऊन ठेवा, असं साहेब म्हणाले आणि रजिस्टर उघडून शेजाऱ्यांची नोंद मला दाखवली. 'मेंढवाडा, कुडाचा, छप्पर गवताचे.' दोन मजले, ग्रॅनाइट आणि सिंह, सगळं त्या गवताच्या छपराखाली होतं. घरपट्टीही गवताचीच येत होती.

शेजारी बांधकामाचे कंत्राटदार आहेत. लोकांनी शेठ म्हणावं असं त्यांना वाटतं, आणि लोकही फुकटचं असल्यामुळे म्हणतात. त्यांचे आजोबा दर साल मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. घोंगडी पांघरलेला, हातात काठी असलेला त्यांचा फोटो पूर्वी दिवाणखान्यात होता. मुलीच्या सोयरिकीची बोलणी सुरू झाली तेव्हा तो जिन्याखाली गेला.

मी कागद पुढे केला. शेठनी तो सावकाश वाचला.

"गुरुजी, तुमी मागाल ती सही देतो. यवढी सोडून."

"यात खोटं काहीच नाही. तुमचा बंगला आहे, इतकंच लिहिलंय."

"त्येच तर अवघड हाय." थोडा वेळ ते सिंहांकडे बघत राहिले. "बँकेचा साहेब काय म्हनला? मेंढरं दिसली पायजेत?"

"कागदाशी जुळलं पाहिजे म्हणाला."

"मंग दाखवू की मेंढरं. त्यात काय यवढं! माजा चुलतभाऊ आठ दिसांत कोकणातनं वर येतोय."

मी हसलो. ते हसले नाहीत.

मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, ती मला अडवेल अशा भरवशावर. ती पलंगावर आडवी होती. डोळे न उघडता तिने विचारलं, "किती मेंढरं?"

ज्येष्ठ संपता संपता चुलतभाऊ आला. दोन घोडी, तीन कुत्री आणि शंभरावर मेंढरं. त्याने शेठच्या हिरवळीत खुंट ठोकून वाघर लावली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तासाभरात हिरवळ संपली, मग जास्वंद संपली. एक मेंढी जबडा गेलेल्या सिंहाला पाठ घासत उभी राहिली. शेठच्या मंडळींनी खिडक्या लावून घेतल्या. चुलतभाऊ मात्र कमरेवर हात ठेवून सगळीकडे बघत होता. मला म्हणाला, "आज्याची जागा ही. माज्या हयातीत पयल्यांदा इथं मेंढरू बसलं."

इंजिनियर आला. मेंढरं पाहून त्याचा चेहरा उजळला. सिंह फोटोत येऊ नयेत म्हणून तो दोनदा जागा बदलून उभा राहिला, आणि चार मेंढ्या जरा डावीकडे घ्याल का, असंही त्यानेच विचारलं. 'पूर्वेस मेंढवाडा, प्रत्यक्ष आढळला.'

तो फटफटीवरून वळणाआड गेला आणि त्याच वळणावरून गिऱ्हाइकाचे सासरे आले. न सांगता. जाळीजवळ थांबले, नाकाला उपरणं लावलं.

"हे कवापस्नं हितं?"

"पूर्वीपासून," शेठ घाईने म्हणाले.

मी एक वाक्य जुळवत होतो. खरं वाटेल पण खोटं म्हणता येणार नाही, असं. ते जुळेपर्यंत पायरीवर बसलेली बायको बोलली. आदल्याच दिवशी डायलिसिस झालं होतं, हाताला पट्टी होती.

"आज सकाळपासून. बँकेच्या फोटोसाठी आणलीत, संध्याकाळी जातील. पूर्वेला बंगला आहे, तो तुम्हाला दिसतोय. आम्हाला श्रावणाच्या आत मंचरला जायचंय, मला आता गाडीतून येणं-जाणं होत नाही. तुम्ही दोन महिने विचार करताय. काय ते आज सांगा."

शेठ सिंहाच्या मागे सरकले. सासऱ्यांनी उपरणं खाली घेतलं. बायकोकडे बघितलं, मग बराच वेळ मेंढरांकडे. आणि चुलतभावाला म्हणाले, "पावणं, आठ दिस माज्या रानात बसवता का? टोमॅटो निगालाय, वावर मोकळंच हाय."

मेंढरं शेतात बसवली की लेंडीखत जागच्या जागी मिळतं. त्यासाठी लोक धनगराला आधीपासून सांगून ठेवतात. इथे तर कळपच समोर उभा. दोघांचं बोलणं सुरू झालं. किती दिवस, धान्य किती, कुत्र्यांच्या भाकरी कोणी करायच्या. अर्धा तास आमचं घर कोणाच्या लक्षातही नव्हतं. सगळं ठरल्यावर सासरे उठले, जाता जाता सवयीने आमची भिंत एकदा वाजवली आणि म्हणाले, "जावयाला सांगतो, घ्या म्हनून."

पुढे जावयांनी मला त्यामागचं कारण सांगितलं. सासरे घरी म्हणाले होते की, जी बाई हे आपल्या तोंडाने सांगते, ती भिंतीची चीर लपवायची न्हाई. गुरुजींबद्दल मात्र त्यांनी काही मत दिलं नव्हतं.

त्यानंतर खरेदीखताला आम्ही तीनदा गेलो. दोनदा सर्व्हर बंद होता. तिसऱ्यांदा सर्व्हर सुरू होता, पण बायकोच्या अंगठ्याचा ठसा यंत्र ओळखेना. कारकुनाने तिला अंगठा पुसायला सांगितलं, तिने पुसला. पुन्हा सांगितलं, पुन्हा पुसला. सहाव्या वेळी यंत्राने तिला मान्यता दिली. श्रावणाला दोन दिवस उरले होते.

मंचरच्या घरापासून दवाखाना चालत सात मिनिटांवर आहे. पहिला आठवडा मी तिच्यासोबत जात होतो. मग तिने मला घरी बसवलं. म्हणाली, तुम्ही फार हळू चालता.

दिवाळीनंतर एका दुपारी शेठ आले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कागद. त्यांना तिसरा मजला चढवायचा होता, म्हणून कर्ज हवं होतं. बँक तीच. इंजिनियरही तोच. त्यासाठी उताऱ्यावर त्यांनी आता बंगला लावून घेतला होता, पण बँकेच्या दप्तरात त्यांच्या जागेचा फोटो आधीच होता, अक्षांश-रेखांशासकट, शंभर मेंढरांचा.

"गुरुजी, तुमी शेजारी म्हनून लिहून द्या. मेंढरं व्हती, पन तात्पुरती व्हती."

मी पेन शोधू लागलो. उपकार तर होतेच. तेवढ्यात बायको डायलिसिसहून आली. पिशवी खुंटीला लावली, उभ्यानेच कागद वाचला.

"दिली असती सही, भाऊ. पण तुमच्या पश्चिमेला आता आम्ही नाही. नव्या गुरुजींना विचारा."

"इचारलं की. त्येंचा सासरा म्हनतो, आदी तुमच्या भिंती वाजवून बघतो, मंग सांगतो."

बायकोला इतकं हसू आलं की ती भिंतीला धरून खालीच बसली. मी हात द्यायला पुढे झालो. तोवर ती आपली आपण उठली आणि चहा टाकायला आत गेली. आम्हा दोघांना पूर्ण कप, तिला अर्धा.