तामसीच्या विहिरीतला समुद्र

विहिरीवर बाया जमल्या का कपडे कमी धुतल्या जातात अन् गोष्टीच जास्त! विहिरीचा गाळ काढाले मानूस उतरते, गोष्टीचा गाळ कोन काढंल? आमच्या तामसीत तो साचूनच राह्यला.

*

माही सुमी दिली तिकडं आंध्रात, समुद्राकाठी. जावई त्सुनामीच्या सायरनवर नोकरीले. पहिल्या दिवाळीले मी इचारलं, "पानी येनार हे तुमाले कसं समजते वो?"

म्हने, "समुद्राखालची जमीन उचलली का धक्का जमिनीतून झपाट्यानं पळते. मशीन ओळखते. पानी मागून येते. मदल्या वेळात मानसं उंचावर न्याचे."

"म्हंजे सासूच्या आधी सासूचा आवाज येते, तसं!"

बिचाऱ्याचा लाडू घशातच अडकला!

*

जावई हेबी बोलले का लय दूरच्या मोठ्या भूकंपानं विहिरीचं पानी डोलू शकते. तवापासून शेजारची शांता वाकून पाहाले भेते. मी काय गप बसते? आडून गोटा टाकला. "शांते, समुद्र हालला वो!"

चप्पल इकडं, शांता तिकडं!

*

मंग एकदा तिच्या बादलीत मीठ टाकलं. शांतानं चूळ भरली अन् बोंबलली, "खारं! समुद्र आला माय!"

सरपंच चाखाले आला!

*

सुमीलेबी सोडलं नाही. फोन केला, "पळ पोरी, पानी आलं!" ती चुलीवरचा भात सोडून टेकडीवर पळाली. भात जळाला. जावई म्हने, "आई, मानसायले खोटंच पळवलं का खऱ्या टायमाले कोनी पळत नाही."

मी हासली.

*

मंग ती दुपार. झाडाचं पान हालत नोतं. विहिरीतलं पानी मातर या भिंतीवर चढे, त्या भिंतीवर चढे. आवाज नाही.

शांता म्हने, "काकू, पुरे आता!"

"हात पाहाय माहे. गोटा आहे का?"

सुमीले फोन लावला, "पळ पोरी!" ती हासली. "आई, आज भात जळू देनार नाही मी!"

मले रडूच आलं. पोरीनं माह्यं रडनं कधी आयकलंच नोतं. ती म्हने, "निघाली, आई."

तेवढ्यात तिच्या मागं सायरन वाजाले लागला.

दिवस बुडता बुडता फोन आला. "समुद्र अंगनात येऊन गेला, आई. आमी सारे टेकडीवर आहो."

माह्या घशाले कोरड पडली होती. शांतानं विहिरीतून बादली वढली, वंजळीत पानी देल्लं. मी घोट घेतला अन् थुकला. तिनं चाखलं.

"काकू! अशा टायमालेबी मीठ?"

मिठाचा डबा घरी होता. अन् दुपारपासून मी विहिरीवरून उठलीच नोती.