चिखलीचा बेल्जियमवाला

माझ्या नवऱ्याने कुठल्याशा मासिकात बेल्जियमच्या एका माणसाबद्दल वाचलं होतं. त्याच्या देशात फुटबॉल अगदी नवा होता तेव्हा तो खेळायला लागला, आणि वर घोड्यावर बसून पोलोही खेळायचा. तेव्हापासून तो परका माणूस आमच्या घरातलाच झाला. आमच्या चिखलीत कोणी फुटबॉलच्या वेडावरून ह्यांची टिंगल केली की हे मला सांगत, "त्याले बी लोक हासलेच असतीन वं."

"त्याच्याकडे घोडे होते," मी म्हणायचे. "तुमच्याकडे एक सायकल, तीही पंक्चर."

पण त्याच सायकलवरून ह्या कारकून माणसाने गोलपोस्टसाठी बांबू नेले आणि क्रिकेटवेडी पोरं केळी खाऊ घालून मैदानावर गोळा केली. त्यांची टीम झाली. एसटीने नांदुऱ्याला गेली आणि सपाटून हरून आली. पुढे पोरं मोठी झाली, पुण्याकडे पांगली. नवी कोणी आली नाहीत.

तेव्हा ह्यांनी मला धरलं. दर रविवारी सकाळी, दार लावून, मागच्या अंगणात आम्ही दोघं खेळायचो. साडी खोचून, साठी उलटलेली मी! मला ते फार आवडायचं. मी बॉल कुठेही भिरकावायचे, हे धावत जाऊन अडवायचे आणि अलगद माझ्या पायाशी आणून सोडायचे. "हळूच देतो, तुहा गुडघा दुखते."

हे गेले त्याला आता वर्ष होईल. मुलगा फोनवर म्हणतो, बॉल देऊन टाक कोणाला तरी. कोणाला? बॉलमधली हवा आठवडाभरात उतरते. रविवारी मी ती भरते आणि कोणी मागेल म्हणून बॉल ओट्यावर ठेवते. गेल्या रविवारी शेजारची सून दारात आली. मी लगबगीने बॉल उचललासुद्धा.

"काकू, पंप देता का जरा? सायकलीत हवा भराची हाय."

दिला पंप. मग दार लावून भिंतीशी खेळून पाहिलं. भिंतही बॉल परत देते, पण आपण मारू तेवढ्याच जोरात. तो नेमका गुडघ्यावर आला. पुढच्या वेळी मी हळू मारला. तो भिंतीपर्यंत पोचलाच नाही, अंगणाच्या मध्येच थांबला. मी सवयीने वाट पाहत उभी राहिले. मग आणायला मीच गेले.